अडुळशाच्या पानात दडलंय काय? – पानातली औषधी द्रव्यं ओळखू, टिकवू आणि तपासून घेऊ



या वेळच्या अभ्यासपाठात आपण पानाच्या आत डोकावणार आहोत. आपल्याकडे कुंपणाला अडुळसा आहे, ओढ्याकाठी निर्गुडी आहे, दारात तुळस आणि सदाफुली आहे, परसात शेवगा आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या डोंगराकडच्या तालुक्यांत तर औषधी पाल्याला तोटा नाही. बरेच गट हा पाला वाळवून विकायचा विचार करतात. पण विकायला गेलं की पहिलाच प्रश्न येतो : "ताई, माल तपासलेला आहे का? रिपोर्ट आहे का?"

हा रिपोर्ट म्हणजे नक्की काय? पानात असं काय असतं, की ते यंत्रावर मोजावं लागतं? आणि एकाच बांधावरच्या अडुळशाचे दोन ढीग असताना एकाला चांगला भाव आणि दुसऱ्याला नकार, असं का होतं?

पाठ संपेपर्यंत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पानाचा गुण मोजतात प्रयोगशाळेत, पण तो राहतो की उडून जातो हे ठरतं आपल्या अंगणात, आपल्या हाताने.

१. पान म्हणजे झाडाचा कारखाना

पान ऊन, पाणी आणि हवा घेऊन झाडासाठी अन्न तयार करतं, हे आपण शाळेत शिकलो. पण पान एवढ्यावर थांबत नाही. किडीने खाऊ नये, बुरशी लागू नये, शेळीने ओरबाडू नये म्हणून झाड पानात आणखी काही द्रव्यं बनवतं. झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून ते स्वतःला कडू, तुरट किंवा उग्र वासाचं करून घेतं. ही संरक्षणाची द्रव्यं माणसाच्या शरीरावरही परिणाम करतात. त्यालाच आपण पानाचा 'गुण' म्हणतो.

या द्रव्यांची मुख्य कुटुंबं अशी :

- अल्कलॉइड : बहुतेक कडू असतात आणि थोड्या प्रमाणातही जोरात काम करतात. अडुळशातलं 'व्हॅसिसिन' हे अल्कलॉइड आहे. धोतऱ्यातलं विषही अल्कलॉइडच.
- टॅनिन : तुरट. पेरूचं पान, बाभळीची साल, हिरडा यांत भरपूर.
- सॅपोनिन : पाण्यात फेस करणारी. रिठा, शिकेकाई ही ओळखीची उदाहरणं.
- सुगंधी तेलं : तुळशीचं पान चुरगाळलं की जो वास येतो तो या तेलांचा. तुळशीतल्या तेलात 'युजेनॉल' असतं. लवंगेतही तेच असतं.
- फ्लॅव्होनॉइड : रंगद्रव्यांच्या नात्यातली द्रव्यं. शेवग्याच्या पानात 'क्वेर्सेटिन' नावाचं फ्लॅव्होनॉइड सापडतं.

आता अडुळशाचीच गोष्ट पाहा. आपल्या आज्या-पणज्या खोकल्याला अडुळशाचा रस मधातून देत आल्या. शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच या पानातून व्हॅसिसिन वेगळं काढलं. पुढे त्याच्या रचनेवरून 'ब्रोमहेक्सिन' नावाचं औषध कारखान्यात तयार झालं, आणि त्याच्यापासून 'अँब्रोक्सॉल'. मेडिकलच्या दुकानात कफ पातळ करणारी जी खोकल्याची औषधं मिळतात, त्यातल्या कित्येक बाटल्यांवर ही दोन नावं छापलेली असतात. पुढच्या वेळी बाटली हातात आली तर लेबल वाचून बघा. त्या औषधाचं मूळ आपल्या कुंपणावर आहे.

२. बैठकीत करून पाहण्याच्या तीन कृती

गटाच्या बैठकीत या कृती जरूर करा. खर्च जवळजवळ नाही. दोन नियम मात्र पाळायचे : कृतीतलं काहीही तोंडात घालायचं नाही, आणि अनोळखी पान चाखून ओळखायचा प्रयत्न कधीच करायचा नाही. कडू आहे म्हणजे औषधीच आहे, असं नसतं.

कृती पहिली : फेसाची परीक्षा. तीन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत रिठ्याच्या सालीची पूड, दुसरीत अडुळशाच्या वाळल्या पानाची पूड, तिसरीत शेवग्याच्या पानाची पूड चमचाभर टाका. सगळ्यांत सारखं पाणी घालून झाकण लावा आणि एक मिनिट जोरात हलवा. मग बाटल्या दहा मिनिटं तशाच ठेवा. ज्या बाटलीत फेस टिकून राहील तिच्यात सॅपोनिन जास्त. प्रयोगशाळेतली पहिली चाचणी जवळपास अशीच असते.

कृती दुसरी : लोखंडाची परीक्षा. आवळा लोखंडी कढईत शिजवला की काळा पडतो, हे कोणाला सांगायला नको. तुरट द्रव्यांची लोखंडाशी गाठ पडली की काळा-निळा रंग येतो. पेरूच्या मूठभर पानांचं पाणी उकळून घ्या. अर्धं पाणी काचेच्या ग्लासात ठेवा, अर्धं लोखंडी कढईत रात्रभर ठेवा. सकाळी दोन्हींचे रंग शेजारी ठेवून बघा. प्रयोगशाळेत कढईऐवजी लोहाच्या क्षाराचे दोन थेंब टाकतात आणि क्षणात उत्तर मिळतं.

कृती तिसरी : खडूची परीक्षा. ही सगळ्यात मजेची. पालकाची किंवा अडुळशाची पाच-सहा ताजी पानं बारीक चिरून वाटीत घ्या. मेडिकलच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट दोन-तीन चमचे घालून चांगली रगडा. अर्धा तास झाकून ठेवा. वरचा हिरवा रस छोट्या ग्लासात ओता. रस तळाला अर्धा सेंटीमीटर एवढाच हवा. त्यात पांढरा खडू उभा ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत रस खडूवर चढत जातो आणि रंग वेगळे होऊ लागतात : कुठे हिरवा पट्टा, कुठे पिवळा. (स्पिरिट पटकन पेट घेतं. चूल, दिवा, अगरबत्ती काहीही जवळ नको आणि लेकरांच्या हातात बाटली नको.)

एका पानाच्या एकाच हिरव्या रसात एवढे रंग लपलेले होते! प्रत्येक द्रव्य खडूला कमी-जास्त चिकटतं, म्हणून कोणी पुढे जातं, कोणी मागे राहतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाईल त्स्वेत नावाच्या रशियन वनस्पतीशास्त्रज्ञाने खडूसारखी पांढरी भुकटी काचेच्या नळीत भरून तिच्यातून पानांचा रस जाऊ दिला आणि रंग असेच वेगळे केले. या पद्धतीला 'क्रोमॅटोग्राफी' म्हणतात. आज औषध कंपन्यांत लाखो रुपयांची जी यंत्रं आहेत, ती याच तत्त्वावर चालतात.

३. प्रयोगशाळेत आपल्या पानाचं काय होतं?

आपण पाठवलेला नमुना प्रयोगशाळेत पोचला की साधारण पाच पायऱ्यांतून जातो.

ओळख. सगळ्यात आधी हे पान त्याच झाडाचं आहे का, हे बघतात. अडुळशाच्या नावाखाली महारुखाच्या पानांची भेसळ होते, असं औषधी वनस्पतींच्या अभ्यासात नोंदलेलं आहे. आपल्याला दोन्ही झाडं ताजी असताना सहज ओळखता येतात. अडुळशाची पानं फांदीवर समोरासमोर, एकेकटी, लांबट टोकदार आणि कडेला गुळगुळीत. महारुखाची पानं एका लांब दांड्यावर दोन्ही बाजूंनी ओळीने लागलेली आणि कडा दातेरी. पण वाळून चुरा झाला की डोळ्यांना फरक कळत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं.

नावाचाही घोळ असतो. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, पावरी बोलीत वेगळं नाव, बाजारात तिसरंच. म्हणून नोंदवहीत स्थानिक नावाबरोबर शास्त्रीय नावही लिहायचं. अडुळशाचं शास्त्रीय नाव 'जस्टिशिया अधाटोडा'. हे नाव जगभर एकच.

स्वच्छता. कचरा, काड्या, माती किती, ओल किती, जाळल्यावर राख किती उरते, हे मोजतात. जास्तीची राख म्हणजे बहुधा माती-वाळूची भर.

अर्क. पानाची पूड पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून त्यातली द्रव्यं ओढून घेतात. आपण चहा करतो तसंच, फक्त मोजून-मापून.

रंगाच्या चाचण्या. अर्कात ठरावीक रसायनाचे थेंब टाकतात. उदाहरणार्थ, 'मायर' नावाच्या द्रावणाने अल्कलॉइड असेल तर पांढरट साका बसतो. 'ड्रॅगेनडॉर्फ' द्रावणाने नारिंगी रंगाचा. यातून 'आहे की नाही' एवढं कळतं. 'किती आहे' ते कळत नाही.

मोजणी. किती, हे कळायला क्रोमॅटोग्राफीची यंत्रं लागतात. अहवालात 'टीएलसी', 'एचपीटीएलसी', 'एचपीएलसी' अशी अक्षरं दिसतात ती हीच. शुद्ध व्हॅसिसिन आणि आपल्या पानाचा अर्क दोन्ही यंत्रातून एकाच पद्धतीने नेतात. शुद्ध द्रव्य ज्या जागी दिसतं त्याच जागी आपल्या अर्काची खूण उमटली, तर ते द्रव्य आपल्या पानात आहे. खूण जेवढी मोठी, तेवढं प्रमाण जास्त.

४. उष्णतेने औषध कसं जातं? एका बाईने लावलेला शोध

चीनमध्ये तू यूयू नावाच्या शास्त्रज्ञ बाई हिवतापावर औषध शोधत होत्या. त्यांच्याकडे एका झुडपाची पानं होती. आपल्या दवण्याच्याच जातकुळीतली ती वनस्पती. आधीच्या प्रयोगांत अर्काचा गुण कधी यायचा, कधी यायचा नाही. त्यांनी जुने वैद्यक ग्रंथ पुन्हा वाचले. एका जुन्या नोंदीत लिहिलं होतं की ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळावी आणि रस प्यावा. उकळण्याचा उल्लेखच नव्हता! त्यांच्या लक्षात आलं की उष्णतेने पानातलं औषध नष्ट होत असणार. मग त्यांनी कमी तापमानाला उकळणारं द्रावण वापरून अर्क काढला, आणि १९७१ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगात त्या अर्काला हिवतापावर पूर्ण यश आलं. त्या द्रव्याचं नाव 'आर्टेमिसिनिन'. त्यापासून बनलेल्या गोळ्या आज आपल्या सरकारी दवाखान्यांतही हिवतापाच्या रुग्णांना देतात. २०१५ मध्ये तू यूयूंना नोबेल पुरस्कार मिळाला.

पान तेच, झाड तेच. उष्णता जास्त लागली तर गुण जातो, आणि जपून घेतलं तर लाखो माणसं वाचतात.

आता आपलं जळगाव-धुळं बघा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्यावर, डांबरी रस्त्यावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर त्याहून कितीतरी जास्त ताप असतो. अशा जागी पाला पसरला तर तुळशी-निर्गुडीची सुगंधी तेलं उडून जातात आणि हिरवा रंग पिवळट-तपकिरी होतो. अडुळशातलं व्हॅसिसिनही हवेत-उजेडात हळूहळू बदलून दुसरंच द्रव्य बनतं. पापड-कुरडया कडक उन्हात वाळवतात, पण औषधी पानांचं गणित वेगळं आहे.

५. आपल्या अंगणातली शिस्त

कुठून तोडायचं? फवारणी झालेल्या कपाशीच्या, केळीच्या बांधावरून नको. महामार्गाच्या कडेचा आणि गटाराजवळचा पाला नको. पान धुतलं तरी आत शिरलेलं कीटकनाशक निघत नाही. औषधी मालाच्या तपासणीत जड धातूही बघतात. शिशाची मर्यादा दहा लाखात १० भाग एवढीच आहे. यावल अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही तोडायचं नाही. इतर वनक्षेत्रात वनहक्क कायदा, २००६ नुसार गौण वनोपजाचा हक्क कोणाला आणि कसा आहे, ते ग्रामसभेत विचारून घ्या.

किती तोडायचं? झुडूप बोडकं करायचं नाही. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त पानं नकोत. रोगट, किडकी, पिवळी पानं बाजूला काढा. दव वाळल्यावर सकाळी तोडा. ऋतूप्रमाणे पानातली द्रव्यं कमी-जास्त होतात, म्हणून तोडणीची तारीख लिहून ठेवा.

कसं वाळवायचं? सावलीत, वारा खेळेल अशा जागी. बाजेवर स्वच्छ सुती कापड किंवा जाळी अंथरून पातळ थर पसरा, म्हणजे खालूनही हवा लागते. दिवसातून दोनदा पालटा. पावसाळ्यात जास्त काळजी घ्या : ओल राहिली की बुरशी येते, आणि बुरशीचं विष मालात उतरलं की सगळा ढीग वाया.

वाळलं कधी समजायचं? पान चुरगाळलं की कुरकुरतं आणि मधली शीर वाकत नाही, तुटते. खात्रीसाठी वजनाची परीक्षा करा. १०० ग्रॅम ताजी पानं वेगळी वाळत ठेवा आणि रोज वजन लिहा. दोन दिवस वजन सारखंच आलं तर पाला वाळला. समजा शेवटी २५ ग्रॅम उरलं, तर तुम्हाला एक किलो सुक्या पाल्यासाठी चार किलो ताजी पानं लागतील. भाव ठरवताना, मजुरी धरताना हा आकडा फार कामाचा आहे.

कुठे ठेवायचं? खताची किंवा औषध फवारणीची रिकामी गोणी कधीही वापरायची नाही. नवी, कोरडी गोणी घ्या. ती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून लांब, अंधाऱ्या कोरड्या खोलीत ठेवा. प्रत्येक गोणीवर चिठ्ठी लावा : झाडाचं नाव, गाव, तोडल्याची तारीख, वाळवण्याची पद्धत, सखीचं नाव.

६. नमुना कसा घ्यायचा?

इथे बरेच गट फसतात. सगळ्यात सुंदर हिरवी पानं वेचून नमुना पाठवायचा आणि गाडीत भरायचा भलताच माल, असं केलं तर पुढच्या वेळी कोणी दारात उभं करणार नाही. नमुना सगळ्या ढिगाचं खरं तोंड असावा.

त्यासाठी चौथाईची पद्धत वापरा. प्रत्येक गोणीतून वरून, मधून आणि तळातून एकेक मूठ काढा. स्वच्छ कापडावर सगळं एकत्र कालवून ढीग करा. भाकरीचे चार चतकोर करतो तसे ढिगाचे चार भाग करा. समोरासमोरचे दोन भाग ठेवा, दोन परत गोणीत टाका. उरलेलं पुन्हा कालवा, पुन्हा चार भाग. प्रयोगशाळेने सांगितलेल्या वजनाच्या दुप्पट उरेपर्यंत असं करत राहा.

दुप्पट कशाला? कारण नमुन्याच्या दोन सारख्या पिशव्या करायच्या. एक प्रयोगशाळेत जाईल. दुसरी सीलबंद करून, तिच्यावर गटाच्या अध्यक्ष-सचिवांची आणि जमलं तर खरेदीदाराचीही सही घेऊन, गटाकडे ठेवायची. ही आपली साक्षीची पिशवी. उद्या व्यापारी म्हणाला, "तुमचा माल हलका निघाला", तर आपल्याकडे बोलायला पुरावा आहे. हिशेबाची वही जपतो तशी ही पिशवी जपा.

७. अहवाल कसा वाचायचा?

अहवाल इंग्रजीत असला तरी घाबरू नका. चार आकडे शोधायचे.

बाहेरचा कचरा. आयुर्वेदिक औषधांच्या सरकारी मानक ग्रंथात, म्हणजे 'आयुर्वेदिक फार्माकोपिया'त, अडुळशाच्या पानासाठी ही मर्यादा २ टक्के आहे. म्हणजे एका किलोत जास्तीत जास्त २० ग्रॅम काड्या-माती. ही तपासणी घरच्या काट्यावरही होते. एक किलो पाला निवडा आणि निघालेला कचरा तोला. ३५ ग्रॅम निघाला तर ३.५ टक्के झाला. माल पाठवण्याआधी पुन्हा निवडा.

ओल. समजा ओल १५ टक्के आली. म्हणजे १०० किलोत १५ किलो नुसतं पाणी. खरेदीदार पाण्याचे पैसे देणार नाही, आणि असा माल बुरसटतोही लवकर.

मुख्य द्रव्याचं प्रमाण. समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एका ढिगात व्हॅसिसिन १ टक्का आलं, दुसऱ्यात ०.६ टक्के. म्हणजे पहिल्याच्या किलोत १० ग्रॅम, दुसऱ्याच्या किलोत ६ ग्रॅम. १०० ग्रॅम व्हॅसिसिनसाठी कंपनीला पहिला माल १० किलो पुरतो, दुसरा जवळजवळ १७ किलो लागतो. आता सांगा, दोन्हीला एकच भाव कोण देईल? आणि आपला माल पहिल्यासारखा असेल, तर आपण दुसऱ्याच्या भावात का द्यावा? अहवाल आपल्या हातात असला तर भावाची बोलणी आपणही करू शकतो.

जड धातू, कीटकनाशक, जंतू. हे मर्यादेच्या आत आहेत की नाही ते बघा. बाकी सगळं उत्तम असून यात नापास झालो, तर माल औषधात चालत नाही.

८. गुण आहे, म्हणून जपूनच

पानात द्रव्य आहे हे सिद्ध झालं, म्हणजे ते कोणीही, कितीही घ्यावं असा त्याचा अर्थ नाही. जे काम करतं ते अपायही करू शकतं.

अडुळशातलं व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन करतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून गरोदर बाईला अडुळशाचा रस किंवा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ही गोष्ट आपल्या सुनांना, लेकींना आवर्जून सांगा.

दारातली सदाफुली घ्या. साखरेच्या आजारावर तिची पानं चावून खाणारे लोक आपल्या गावातही भेटतील. १९५०च्या दशकात कॅनडातले शास्त्रज्ञ याच वनस्पतीची मधुमेहासाठी परीक्षा करत होते. त्यांना दिसलं की तिच्या अर्काने प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात. त्यातूनच कर्करोगावरची 'व्हिन्ब्लास्टिन' आणि 'व्हिन्क्रिस्टिन' ही औषधं पुढे आली. पानांचे ढीगच्या ढीग वापरावे तेव्हा ती काही ग्रॅम मिळतात, आणि डॉक्टर ती मोजून, रक्त तपासत देतात. अशा पानाला 'रोज सकाळी चार पानं' हा हिशेब कसा चालेल?

ओळख चुकली तर काय होतं, तेही बघा. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने म्हटलं की गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखीच दिसणारी 'टिनोस्पोरा क्रिस्पा' नावाची वेल अपायकारक ठरू शकते. वाद काही असो, आपल्यासाठी धडा सरळ आहे. ओळख पटल्याशिवाय माल ना घरात, ना बाजारात.

विक्रीचे नियमही लक्षात ठेवा. वाळलेला पाला कच्चा माल म्हणून विकणं वेगळं आणि पुडीवर 'औषध' लिहून विकणं वेगळं. औषध बनवून विकायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० प्रमाणे परवाना लागतो. शेवग्याच्या पानाची पूड खाद्यपदार्थ म्हणून विकायची तर अन्नसुरक्षेची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. आणि 'मधुमेह बरा होतो', 'कर्करोग जातो' असं पाकिटावर किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीत लिहिणं १९५४च्या कायद्याने गुन्हा आहे. गटाचं नाव कमवायला वर्षं लागतात. एका खोट्या ओळीने ते घालवू नका.

९. चौकशी कुठे करायची?

शेती आणि वाळवणीबाबत जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबाद इथली कृषी विज्ञान केंद्रं आहेत, धुळ्यातही केंद्र आहे. झाडाची शास्त्रीय ओळख पटवायला जवळच्या महाविद्यालयाचा वनस्पतीशास्त्र विभाग गाठा. फुलासकट फांदी कागदात दाबून, वाळवून न्या. आपल्या भागातल्या वनस्पतींवर काम झालेलं आहे. धुळ्याच्या घोगरे विज्ञान महाविद्यालयातले डॉ. डी. ए. पाटील यांनी धुळे-नंदुरबारच्या वनस्पतींची नोंद पुस्तकरूपाने केली. शुभांगी पवार यांच्यासोबत त्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या लोकांचं वनस्पतीज्ञानही २००८ मध्ये पुस्तकात मांडलं. रासायनिक तपासणीबाबत जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि शिरपूरचं आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय इथे प्रभागसंघामार्फत चौकशी करा. एकट्या गटाला तपासणीचा खर्च जड जातो. पाच-सहा गटांनी एकाच पद्धतीने वाळवलेला माल एकत्र केला, तर एकच तपासणी सगळ्यांना पुरते.

आणि गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती विसरू नका. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही असते. आपल्या आजीला माहीत असलेलं झाड आणि त्याचा उपयोग तिच्यात लिहिला गेला आहे का, ते ग्रामपंचायतीत जाऊन बघा. नसेल तर लिहून घ्या. ते ज्ञान आपल्या गावाचं आहे, ते गावाच्याच नावावर नोंदलेलं असावं.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावात कोणती पाच औषधी पानं मिळतात? त्यांची आपल्या बोलीतली नावं कोणती?
२. त्यातली कोणती फवारणीपासून आणि रस्त्यापासून लांब आहेत?
३. आपल्या गटाकडे सावलीत वाळवायला जागा आहे का? नसेल तर कोणाचा ओटा, कोणाचं खळं मिळेल?
४. एकच अडुळसा ५०० ग्रॅम उन्हात आणि ५०० ग्रॅम सावलीत वाळवा. रंग, वास आणि वजन लिहा. मग दोन्हींवर खडूची परीक्षा करा. त्यात रंगद्रव्यंच दिसतील, औषधाचं प्रमाण कळणार नाही, पण उन्हाने पानाचं काय केलं ते डोळ्यांनी दिसेल.
५. गरोदरपणात कोणते पाले टाळायचे, हे आशाताईंना बैठकीला बोलावून विचारा.

चौथ्या प्रश्नाचे आकडे वहीत लिहून पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला घेऊन या. सगळ्या गावांचे आकडे शेजारी ठेवले, की कोणाची वाळवणी सरस आहे ते कळेल, आणि बाकीच्यांना तिच्याकडून शिकता येईल.